मीटिंगमध्ये बोललात आणि बॉस बिनसला? त्यामागचं कारण हे आहे

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून ठाण्यात उतरायचं, धक्के खात वागळे इस्टेटचं ऑफिस गाठायचं आणि मीटिंगमध्ये एक चांगली कल्पना मांडली की बॉसचा चेहरा पडतो. पुढच्या मेलमधून तुमचं नावच गायब! असं का होतं?

कॅलिफोर्नियातल्या नथॅनेल फास्ट आणि सेरेना चेन यांनी २००९ मध्ये यावर संशोधन केलं. हातात अधिकार आहे, पण आपण त्या खुर्चीला पुरे पडत नाही, असं ज्याला वाटतं तो जास्त आक्रमक होतो. गंमत म्हणजे, अशांच्या नेतृत्वगुणांचं कौतुक झालं की ही आक्रमकता ओसरली. फास्ट यांच्याच २०१४ च्या अभ्यासात दिसलं की असे मॅनेजर हाताखालच्यांकडून सूचना मागणंच टाळतात.

म्हणून सूचना चारचौघांत मांडण्याआधी बॉसला एकट्यात सांगा. चमचेगिरी नको, पण खरंच मदत झाली असेल तर आभार मानायला काय जातं? काम झालं की छोटा मेल मात्र टाकाच.

ऑफिसातली अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते. टोमणे आणि श्रेयचोरीसाठी एचआरचंच दार ठोठवावं लागतं. तिथे तारखेसकट हेच मेल कामी येतात.