श्वासाची तालीम

श्वास घेणे ही स्नायूंची मेहनत आहे, ही गोष्ट निरोगी माणसाच्या ध्यानात बहुधा आयुष्यभर येत नाही; कारण श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू ही चाकरी अहोरात्र बिनतक्रार बजावीत असतात. परंतु वर्षानुवर्षे विडीच्या वा चुलीच्या धुराने ज्यांच्या फुप्फुसांची लवचीकता नाहीशी झाली, अशा सीओपीडीच्या रुग्णांत आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते, आणि घुमटाकार श्वासपटल खाली ढकलले जाऊन सपाट व आखूड होते. आधीच आखडलेल्या स्नायूने आणखी आखडून बळ लावणे किती दुष्कर असते, हे असा रुग्ण चार पायऱ्या चढून गुडघ्यांवर हात टेकतो तेव्हा पाहणाऱ्यालाही उमगते.

या स्नायूंना व्यायाम कसा देतात, ते मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात जवळ बसून पाहिले. जिची सारी हयात चुलीपुढे गेली अशी एक वृद्धा तेथे आली होती. उपचार करणाऱ्या तरुणीने तिच्या नाकाला चिमटा लावला, दाबमापकाची नळी ओठांत घट्ट धरावयास सांगितली आणि म्हणाली, "आजी, आधी सगळा श्वास सोडा, अगदी तळापर्यंत. आता ओढा, जोरात, ओढत राहा!" नळीला मुद्दाम एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते, त्यामुळे नुसते गाल आत ओढून आकडा वाढत नाही, आणि निदान एक सेकंद टिकलेले बळच हिशेबात धरून, मोठे आकडे परस्परांशी जुळेपर्यंत मोजणी पुन्हा करावी, असा शिरस्ता आहे. आजींचा आकडा पाण्याच्या 50 सेंटिमीटर स्तंभाइतका भरला; 60 च्या खालचे बळ दुर्बलतेचे लक्षण मानण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे.

तालमीतला वस्ताद नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी जड मुद्गल देत नाही. त्याच न्यायाने मोजलेल्या बळाच्या 30 टक्के, म्हणजे आजींना 15 सेंटिमीटर, एवढाच भार नेमून दिला गेला. मुठीत मावणाऱ्या त्या उपकरणात स्प्रिंगने दाबलेली झडप असते, आणि नेमलेला दाब निर्माण झाल्यावाचून ती उघडतच नाही. सावकाश श्वास घेऊन मेहनत चुकविण्याची सोय तीत नाही. शस्त्रक्रियेनंतर देतात ते तीन चेंडूंचे यंत्र पुष्कळांना ठाऊक असते, पण त्यात असा मोजून वाढविता येणारा भार नसतो. काही श्वासांनंतर मुलीने विचारले, "शून्य ते दहात किती दम लागला, आजी?" क्षणभर थांबून उत्तर आले, "चार लिही, बाई." तो आकडा वहीत नोंदला गेला.

पुढे घरी रोज दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, निदान आठ आठवड्यांच्या मुदतीपर्यंत, हा व्यायाम चालवावयाचा, आणि वेळोवेळी नवी मोजणी करून भार वाढवावयाचा. ज्याचे फुप्फुस पूर्वी कधी आपोआप फुटले असेल, त्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून याच्या वाटेस जाऊ नये. निरोगी माणसांत श्वसनस्नायूंचे बळ सरावाने वाढते, हे लीथ आणि ब्रॅडली यांनी 1976 साली दाखविले होते. तथापि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांवरील एका चाचणीत असे आढळले की, चालण्याच्या व अन्य व्यायामाला याची जोड दिल्याने श्वासाचे बळ वाढले, पण सहा मिनिटांत चालण्याचे अंतर त्या मानाने अधिक वाढले नाही. गेलेले फुप्फुस या व्यायामाने परत येत नाही. उरलेल्या फुप्फुसात हवा ओढणाऱ्या स्नायूंना मात्र बळ येते, आणि ज्यांचे स्नायू मुळात दुबळे, त्यांच्याच बाबतीत त्याची आशा विशेष धरावी.

म्हणून हे उपकरण नुसते चिठ्ठीवर लिहून रुग्णास घरी धाडू नये, असे माझे निश्चित मत झाले आहे. मोजल्यावाचून ठरविलेला भार एक तर निरुपयोगी इतका हलका पडतो, नाही तर थकलेल्या जिवाला नाउमेद करतो. दाबमापक, तो वाचणारे शिकलेले माणूस आणि नोंदीची वही जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे नाही. आणि घराची चूल पेटती ठेवताना ज्या बायकांनी आपले फुप्फुस खर्ची घातले, त्यांचा समाजावर एवढा हक्क निःसंशय आहे.