दंड मोठा, बाही छोटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

तुमच्या घरी दोरीवर आत्ता एखादा बिनबाह्यांचा पांढरा बनियन वाळत असेल. त्याला आपण 'सँडो' म्हणतो. हे कापडाचं नाव नव्हे, की कंपनीचंही नव्हे. ते एका माणसाचं नाव आहे. युजेन सँडो १८६७ साली प्रशियात जन्मला आणि आपल्या पीळदार शरीराच्या जोरावर जगभर गाजला. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉइल होते. पुढे १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. मला शिंपी म्हणून याची नेहमी गंमत वाटते. ज्याचे दंड पाहायला लोक तिकीट काढत, त्याचं नाव ज्या कपड्याला चिकटलं, त्या कपड्याला बाहीच नाही! बाही नाही, म्हणजे दंडाची भानगडही नाही.

पण मुलाखतीला किंवा साखरपुड्याला सँडो घालून जाता येत नाही. तिथे शर्टच लागतो. आणि दंड भरदार असलेल्या माणसाला अंगाला नीट बसणारा शर्ट मिळणं किती अवघड, हे तो माणूस जाणतो आणि त्याचा शिंपी जाणतो.

माझं दुकान तळेगाव दाभाड्यात, स्टेशनच्या बाजूला. चाळीसेक वर्षं टेप गळ्यात आहे. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. लोकलने पुण्याला नोकरीला जाणारे बाबू, हॉस्पिटलातले, शाळेतले, एम.आय.डी.सी.तले. पण पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ या खोऱ्यांतून येणारं गिऱ्हाईक वेगळं. या गावांना कुस्तीचा नाद जुना. चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की आखाडे भरतात आणि तालमीतली पोरं माझ्या दुकानात दिसायला लागतात. अलीकडे त्यांच्यात जिममध्ये जाणाऱ्या मुलांची भर पडली आहे. दोघांची तक्रार एकच : ''मास्तर, छातीला बसतो तो दंडाला बसत नाही, अन् दंडाला बसतो तो बाकी सगळीकडे पोतं होतो.''

असं का होतं, ते सांगतो. तयार शर्टावर ३८, ४०, ४२ असा आकडा असतो. तो छातीचा किंवा कॉलरचा. बाकीची मापं कारखाना त्या एका आकड्यावरून अंदाजाने काढतो. अंदाज ज्या माणसावरून बांधलेला असतो, त्याची छाती, पोट, खांदे, दंड हे सगळं ठराविक प्रमाणात वाढतं असं धरलेलं असतं. साधारण हिशेब असा की, एक नंबर वाढला की छाती २ इंच वाढते, पण बाहीचा घेर, म्हणजे आम्ही ज्याला दंडघेर म्हणतो तो, जेमतेम अर्धा इंच वाढतो. आता समजा, तुमची छाती ४० ची आहे, पण दंडाला २ इंच जास्त हवेत. ते २ इंच मिळवायला तुम्हाला चार नंबर वर जावं लागणार. म्हणजे छातीला ८ इंच फुकटचे आले! शिवाय कॉलर सैल, खांदा लोंबता आणि पोटाशी तंबू. पैलवानाची कंबर तर छातीपेक्षा बरीच बारीक असते, त्यामुळे तंबू आणखी मोठा.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझपदक मिळवलं, ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या. उंचीही बेताचीच. एवढ्या लहान चणीत एवढी ताकद ठासून भरलेला माणूस कुठल्या नंबरच्या शर्टात मावणार? तयार कपड्यांच्या आकड्याला असा माणूस ठाऊकच नाही. आपल्याकडचे बरेच तक्ते तर मुळात विलायती आणि अमेरिकी अंगांवरून उचललेले. भारतीय माणसांची मापं घेण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांना यंत्रापुढे उभं करण्याचा प्रकल्प हाती घेतला, तोही अगदी अलीकडे. त्यातून चांगले तक्ते निघोत. पण तक्ता शेवटी सरासरीचा, आणि पैलवान सरासरीत बसला असता तर पैलवान कशाला झाला असता!

तयार कपड्याला नावं ठेवतो आहे खरा, पण माझी स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. आंदर मावळातल्या एका पैलवानाने साखरपुड्यासाठी शर्ट शिवायला टाकला. चांगलं टेरिकॉटचं कापड होतं. मी सगळी मापं घेतली, दंडाचंही घेतलं, हात खाली सोडलेला असताना. साडेपंधरा भरला. वर दोन इंच सोडले आणि बेतला. शर्ट अंगात छान बसला. साखरपुड्याला मलाही आमंत्रण होतं. मांडवात कुणीतरी त्याला फेटा बांधायला लागलं, फेटा डोळ्यांवर आला म्हणून याने दोन्ही हात वर केले आणि काखेपाशी टर्रकन आवाज झाला. बाई-माणसं तोंडाला पदर लावून हसली. नवरी मुलगी समोर बसलेली. पैलवान काही बोलला नाही. तो तसाच, दंड अंगाशी घट्ट धरून, कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिला. जेवायलासुद्धा त्याने हात मोकळा केला नाही. ते अवघडून बसणं मला आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी होऊन त्याच्या तालमीत गेलो. तिथल्या वस्तादांनी मला लाल मातीच्या कडेला उभं केलं आणि एका पोराला म्हणाले, ''हात आवळ.'' मग मला म्हणाले, ''लावा तुमची टेप.'' सोडलेल्या हाताला पंधरा, आवळल्यावर साडेसोळाच्या वर! ''मास्तर, दंड ही जित्ती चीज हाय,'' वस्ताद म्हणाले, ''लाकडाचं माप घेतल्यावानी घेऊ नका.''

तेव्हापासून मी दंडाचं माप दोनदा घेतो, सोडून आणि आवळून, आणि आवळलेल्या मापावर बेतो.

पण शर्ट फाटला त्याला नुसता घेर कारण नव्हता. दुसरं कारण मुंढा. खांद्यापासून काखेपर्यंत जिथे बाही जोडली जाते, त्या गोलाईला मुंढा म्हणतात. बहुतेकांना वाटतं, आणि मलाही वाटायचं, की मुंढा जितका मोठा तितका हात मोकळा. खरं उलटं आहे. मुंढा खाली उतरला की बाहीची सुरुवातच बरगडीपाशी होते. मग हात वर करताना बाही सगळा शर्ट बरोबर ओढते, पँटीतून बाहेर काढते आणि शिवण ताणते. मुंढा काखेच्या जवळ, वर असला तर हात आपला आपण फिरतो, शर्ट जागेवर राहतो. मोठ्या नंबरचा शर्ट घेऊनही हात का अडकतो, याचं उत्तर इथे आहे. मोठ्या नंबराबरोबर मुंढाही खाली जातो.

मग घेर वाढवायचा कुठे? बाहीत. इथे थोडी भूमिती आहे. बाहीच्या वरच्या टोकाची गोलाई आणि मुंढ्याची गोलाई यांची लांबी जुळावी लागते. बाही नुसती रुंद केली तर तिची गोलाई लांब होते आणि जोडताना खांद्यावर चुण्या पडतात. म्हणून बाही रुंद करताना तिचा वरचा घुमट तेवढाच बसका करायचा. लांबी जुळते, दंडाला जागा मिळते आणि हातही जास्त वर जातो. हात खाली असताना काखेत थोडी वळी पडते, ती पडू द्यावी. ज्या शर्टाला काखेत एकही वळी नाही, तो पुतळ्याचा शर्ट. पाठीसाठी मधोमध एक प्लेट घालण्यापेक्षा दोन्ही खवाट्यांवर एकेक घालावी, कारण हात पुढे घेतला की पाठ तिथे रुंदावते. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावरच ठेवावी, फुगलेल्या स्नायूवर उतरू देऊ नये.

आता एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हे सगळं आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. जुनी पैरण किंवा साधा कुडता उसवून जमिनीवर पसरा. सगळे तुकडे जवळजवळ चौकोनी निघतील. बाही सरळ पट्टी, खांदा सरळ रेषेत, आणि काखेत एक छोटा चौकोन कोनावर बसवलेला. उत्तरेकडचे कारागीर त्याला चौबगला म्हणतात. तीन इंचांचा चौकोन असेल तर कोनातून कोनात सव्वाचार इंच भरतो. म्हणजे काखेशी तेवढी जागा वाढली, आणि खाली उतरत ती आपोआप शून्यावर आली. कापड वाया जात नाही, खांदा लोंबत नाही, आणि अंगातली पैरण न काढता माणूस नांगर धरू शकतो. युरोपातसुद्धा अठराव्या शतकातले शर्ट असेच चौकोनी तुकड्यांचे आणि काखेत चौकोन बसवलेले असत. पुढे अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांची फॅशन आली आणि तो चौकोन गेला. बाराबंदीचं तर विचारूच नका. बंद बांधायचे असल्याने आज तालमीतून आलात तर सैल बांधा, महिनाभर आजारी पडलात तर आवळून बांधा. जुने पैलवान आखाड्याबाहेर नेहमी झब्ब्यात किंवा नेहरू शर्टात दिसायचे, ते काही नुसतं रुबाबासाठी नव्हे.

रॅग्लन बाही हा असाच दुसरा उपाय. या बाहीला खांद्यावर जोड नसतो, शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते. लॉर्ड रॅग्लन या इंग्रज सेनापतीवरून हे नाव पडलं. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्याने उजवा हात गमावला होता. टी-शर्टात ही बाही झकास, ऑफिसच्या शर्टात मात्र शोभत नाही.

तयार शर्टच घ्यायचा असेल तर दुकानात एवढं करा. शर्ट सपाट पसरा, काखेखाली इंचभर बाही आडवी मोजा आणि दुप्पट करा. तो आकडा तुमच्या आवळलेल्या दंडापेक्षा निदान दीड-दोन इंच जास्त हवा. कापडात दोन-तीन टक्के लायक्रा असेल तर थोडं कमी चालेल. मग अंगात घालून, लोकलची कडी धरतो तसा हात वर करा आणि आपल्याच खांद्याला मिठी मारा. खांदा आणि दंड बसले तर घ्या, पोट सैल असेल तर असू द्या. बाजूच्या शिवणी आत घेणं हे कुठल्याही शिंप्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. खांदा लहान करणं मात्र जवळपास नवा शर्ट शिवण्याइतकं काम आहे आणि बहुतेक वेळा ते फसतं.

ज्यांना एकच शर्ट परवडतो त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. काही वर्षांपूर्वी पवन मावळातला एक मुलगा आला. तालमीत वाढलेला, आय.टी.आय. झालेला, दोन दिवसांनी कंपनीत मुलाखत. वडिलांनी बाजारातून ४६ नंबरचा शर्ट आणून दिला होता. ''काका, यात मी हमालावानी दिसतो,'' म्हणाला. हमालाचं काय वाईट, असं मी म्हणालो खरा, पण त्याचं म्हणणं मला कळलं होतं. समोरचा माणूस पाच मिनिटांत मत बनवणार, आणि त्यातली दोन मिनिटं शर्ट बोलणार. मी बाह्या उसवून काढल्या, खांदा आत घेतला, मुंढा वर उचलून नव्याने बेतला, बाजू चार-चार इंच घेतल्या. बाह्यांना हात लावला नाही, फक्त त्यांचा घुमट नव्या मुंढ्याबरोबर बसका केला. रात्री अकरा वाजले. कॉलर मोठीच राहिली, पण त्याची मानही जाड, त्यामुळे खपून गेली.

नोकरी लागली. दोन महिन्यांनी तोच मुलगा कंपनीचा युनिफॉर्म घेऊन आला. करडा, जाड कापडाचा, छापील नंबराचा, आणि दंडाला इतका घट्ट की मशिनवर हात पुढे घेताना मुंग्या येतात म्हणाला. मी उलटा करून पाहिला. कारखान्याने शिवणीत मायाच ठेवलेली नव्हती, कडेला कापून इंटरलॉक मारून टाकलेलं. उसवून वाढवायला काही शिल्लक नाही. मग आठवली ती पैरण. पँटीत खोचला जाणारा शर्टाचा खालचा घेर सगळीकडून चार इंच कमी केला, त्यातून पतंगाच्या आकाराचे दोन तुकडे काढले, लांब टोक बाहीकडे ठेवून काखेत बसवले. रंग तोच, कापड तेच. हात खाली असताना कुणाला दिसायचं कारण नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला होता. बरोबर त्याच्या शिफ्टमधली तिघं, आणि पिशवीत आणखी सात युनिफॉर्म.