कोंडलेल्या नाकाला वाट हवी

‘मला सायनस आहे,’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधोमध आणि नाकामागे खोलवर अशा हवेच्या पोकळ्यांच्या या चार जोड्या. त्रास होतो तो त्यांचं तोंड मिटल्यावर. गालातल्या पोकळीचं तोंड तर माठाची तोटी तळाऐवजी गळ्याशी बसवावी तसं वरच्या अंगाला असतं. तिथला शेंबूड आपोआप गळत नाही; अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर लोटत नेतात. सर्दीने अस्तर सुजलं की वाट बुजते, शेंबूड साचतो आणि खाली वाकताच गाल-कपाळ ठणकतं.

म्हणून घरच्या उपायांत मिठाचं पाणी सगळ्यांत भरवशाचं. योगातली जलनेती ती हीच. अर्धा लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावं आणि त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर किंवा किंचित कमी, मीठ विरघळवावं. बेसिनवर वाकून मान कलती करावी, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत धार सोडावी. पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. मग एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. पाणी न उकळता वापरू नये. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून माणसं दगावली आहेत.

वाफेने घटकाभर मोकळं वाटतं, संसर्ग जात नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजतात, म्हणून त्यांना वाफारा देऊ नये. माझी आई ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग आमच्या गालावर ठेवायची. त्या उबेने ठणका खरोखर हलका व्हायचा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत. ते सोडताच नाक पुन्हा चोंदतं.

बहुतेकदा हा आजार विषाणूंचा असतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. तिथे कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कामाच्या नाहीत. दहा दिवसांनंतरही उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा उलटलं, तर डॉक्टरांकडे जावं. आणि डोळ्याभोवती सूज आली, अंधूक दिसू लागलं किंवा तापात मान आखडली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.