खाड्याचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत छापील मजकुरापेक्षा आमच्या सौभाग्यवतींच्या हातचा मजकूरच अधिक असतो. रोज किती दूध घेतले, तो आकडा त्या त्या तारखेच्या चौकोनात पडतो. दूधवाला आला नाही, की तेथे फुली उमटते. या फुलीला आपल्या घराघरांतून ‘खाडा’ म्हणतात. महिनाअखेर फुल्या मोजल्या जातात, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात आणि दूधवालाही ते निमूटपणे मान्य करतो. गेली सव्वीस वर्षे हा हिशेब आम्ही सकाळचा चहा घेताना पाहत आलो आहोत. परंतु आपल्या देहाचाही असा हिशेब ठेवता येतो आणि त्यात खाड्याची नोंदच सर्वांत मोलाची असते, हे उमजण्यास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली.

२०२३ सालच्या एप्रिलमध्ये वार्षिक निकाल लावून आम्ही मोकळे झालो आणि सौभाग्यवतींच्या आग्रहावरून रक्त तपासून घेतले. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी नावाची जी तपासणी असते, तिचा आकडा ७.४ आला. मधुमेहाची सीमा ६.५ला धरतात. म्हणजे उंबरठा ओलांडून आम्ही केव्हाच माजघरात जाऊन बसलो होतो! आमच्या वडिलांचा उजवा पाय याच रोगापायी घोट्यावरून काढावा लागला होता आणि अखेरची चार वर्षे त्यांनी खाटेवर काढलेली आम्ही पाहिली होती. त्यामुळे डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला तेव्हा आम्हांस आकडा दिसला नाही, ती खाट दिसली.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ताटातील भात निम्म्यावर आणावयास सांगितला आणि रोज चालण्याचा नेम सांगितला. मग म्हणाले, “गुरुजी, चाललात की वहीत लिहून ठेवत जा. न लिहिलेला व्यायाम पुष्कळदा न केलेलाच असतो.”

वही लिहिणे हा तर आमचा पेशाच. दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे फेऱ्या घालण्यास आरंभ केला. त्या दिवसांत आम्हांस आमच्या खेड्यातील तालीम वारंवार आठवे. आमचे चुलते तेथे जोर-बैठका काढीत आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढीत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एक जुडी म्हणजे शंभर बैठका. आज किती झाल्या, हे त्यांना कुणी विचारले तर ते बोलत नसत, भिंतीकडे बोट दाखवीत. आपल्या समाजात व्यायामाचे लिखाण काही थोडे झालेले नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांवर ग्रंथ लिहिला. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांच्या बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. पण ते लिखाण सर्वांसाठी. कोळशाची रेघ मात्र ज्याची त्यानेच ओढावयाची असते.

मे आणि जून उत्तम गेले. शाळा उघडली, तरी नेम मोडला नाही. रोज चाळीस मिनिटे, असा रकाना खालपर्यंत भरत गेला, की पान पाहून मन प्रसन्न होई. मग जुलै आला. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. एके पहाटे आम्ही छत्री घेऊन फाटकापर्यंत गेलो, झड पाहिली आणि परतलो. वहीत फुली मारावयास हात धजेना. इतके सुंदर पान विटाळावे कसे? आम्ही लिहिले, ‘२० मिनिटे’. दुसऱ्या दिवशी तेही कष्ट नकोत म्हणून अंथरुणातच राहिलो आणि लिहिले, ‘४० मिनिटे’. पहिल्या खोट्या नोंदीस जेवढा संकोच वाटला, तेवढा पाचवीस वाटला नाही. दहावीस तर मुळीच नाही.

जुलैअखेर पुन्हा रक्त तपासले. आकडा ७.५. डॉक्टरांनी एका हातात अहवाल आणि दुसऱ्या हातात आमची वही धरली. वही पाहून त्यांनी प्रशंसा केली आणि म्हणाले, “चालणे तर उत्तम दिसते. मग जेवणात काही वाढले का? की गोळी बदलून पाहू?” आम्ही उत्तर दिले नाही. आमच्या खोट्या नोंदींच्या आधारावर एक सज्जन मनुष्य आमची औषधे बदलावयास निघाला होता! आम्ही “आणखी एक-दोन महिने पाहू” असे काहीतरी पुटपुटून बाहेर पडलो.

या तपासणीचे मर्म असे, की रक्तालाही स्वतःची एक वही असते. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते, तिच्या प्रमाणात ती त्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटत जाते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपवास केल्याने ही नोंद बदलत नाही. आमच्या दोन वह्यांपैकी एक खोटी होती आणि ती रक्ताची खास नव्हती.

रात्री आम्ही सौभाग्यवतींपाशी सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. हात धरून आम्हांस दिनदर्शिकेपुढे नेऊन उभे केले. दुधाच्या आकड्याखाली प्रत्येक चौकोनात एक बारीकसा आकडा होता, जो आम्ही तीन महिने रोज पाहूनही वाचला नव्हता. मे महिन्यात गुडघेदुखीसाठी त्यांना डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला होता: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावयाचे आणि सावकाश बसावयाचे. घरकामात दिवसभर उभे राहणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असे आम्हीच तेव्हा म्हटले होते! मेमध्ये तेथे पाच-पाच असे आकडे होते, जुलैअखेर बारा-बारा. मधून मधून फुल्याही होत्या आणि फुलीशेजारी एकेक शब्द: ‘पाहुणे’, ‘ताप’, ‘कंटाळा’.

“कंटाळा हेही लिहिलेस?” आम्ही विचारले.

“अहो, दूधवाल्याचा खाडा आपण लावतो तो त्याला लाजवायला का? हिशेब चुकू नये म्हणून लावतो.”

तीस वर्षे शिक्षकी करणाऱ्या माणसास हे दुसऱ्याने सांगावे लागले, याची आम्हांस खंत वाटली. आमच्या शाळेत एखाद्या शिक्षकाने गैरहजर मुलास हजर दाखविले, तर आम्ही कठोर शब्द वापरतो. कारण त्यात सरकारची फसवणूक होते एवढेच नव्हे. त्या मुलाचे त्याहून मोठे नुकसान होते. हजेरीपटात सलग तीन ‘गै’ दिसले, की त्याच्या घरी कुणीतरी चौकशीस जाते. मग कळते, की आई आजारी आहे, किंवा मूल ऊसतोडीच्या फडावर गेले आहे. जेथे खोटा ‘ह’ पडला, तेथे चौकशी थांबली. आम्ही स्वतःच्या देहास असाच खोटा ‘ह’ लावीत होतो.

१ ऑगस्टला नवी वही आरंभिली. यावेळी रकाने पाचच ठेवले: तारीख, काय केले, किती मिनिटे वा किती वेळा, कसे वाटले, आणि खाडा असल्यास कारण. ‘कसे वाटले’ या रकान्यासाठी डॉक्टरांनी सोपी कसोटी सांगितली. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तर वेग मध्यम आणि योग्य. गाणेही म्हणता येते, तर पाय थोडे उचलावेत. बोलणेही तुटू लागले, तर वेग फार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे अशा मध्यम श्रमाचे प्रमाण सांगितले आहे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही हवा. म्हणून आम्ही रोजच्या आकड्याची चिंता सोडली आणि दर रविवारी सात दिवसांची बेरीज मांडू लागलो.

महिना भरल्यावर खाड्यांकडे पाहिले, तेव्हा मौज वाटली. आठ खाड्यांपैकी चार शनिवारचे! शनिवारी आमची शाळा सकाळची. पहाटेच्या घाईत चालणे राहून जाई. आम्ही आळसाला दोष देत होतो, दोष वेळापत्रकाचा होता. शनिवारचे चालणे सायंकाळवर नेले आणि ते चार खाडे जवळजवळ नाहीसे झाले. दोन खाडे पावसाचे. त्यांच्यासाठी शाळेचा लांब व्हरांडा कामी आला. उरलेल्या दोहोंपुढे ‘कंटाळा’ लिहिले होते. ते तसेच राहू दिले. फक्त एक नियम केला, की लागोपाठ दोन खाडे पडू द्यावयाचे नाहीत. तापाचा खाडा मात्र यास अपवाद. तो लिहून स्वस्थ पडावे, आणि बरे झाल्यावर बुडालेली मिनिटे एका दिवसात भरून काढण्याचा हट्ट धरू नये.

हल्ली मोबाइलही पावले मोजतो. आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून मनगटावर बांधावयाची पट्टी पाठविली, तीही आम्ही वापरतो. त्या पट्टीचा दहा हजार पावलांचा आग्रह मात्र आम्ही मनावर घेत नाही. त्या आकड्याचे मूळ जपानात १९६५ साली विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा त्या नावाचा अर्थ होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांच्या पाहणीत साडेसात हजारांच्या पुढे मृत्युप्रमाणात अधिक घट आढळली नाही. चार-साडेचार हजार पावले चालणाऱ्याही अगदी कमी चालणाऱ्यांहून पुष्कळ बऱ्या ठरल्या. तेव्हा काल तीन हजार चालणाऱ्याने आज साडेतीन हजार लिहावे, हे उत्तम. शिवाय यंत्र पावले मोजते, परंतु खाड्याचे कारण लिहीत नाही. ते आपल्याच हाताने लिहावे लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे कर्तव्य आहे. चालताना छातीत दुखले, दडपण आले किंवा भोवळ आली, तर तो खाडा लिहिण्याचा विषय नव्हे. तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. मधुमेहावर औषध चालू असणाऱ्यांनी खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे. दरदरून घाम, थरथर आणि एकाएकी भूक ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात.

नोव्हेंबरात आकडा ६.८ आला. औषध तेच होते. भात आम्ही एप्रिलपासूनच कमी केला होता; बदलले होते ते चालणे. त्या दिवशी आम्ही डॉक्टरांना जुलैची वही पुन्हा दाखविली आणि खोट्या नोंदींवर लाल शाईने फुल्या मारल्या. सतरा निघाल्या. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “हे तेव्हाच सांगितले असते, तर मी गोळी बदलण्याचा विचारही केला नसता.” आम्ही म्हटले, “म्हणूनच आज सांगतो आहोत.”

असो. आमच्या घरी आता दोन हिशेब चालतात, एक वहीत आणि एक दिनदर्शिकेवर. सौभाग्यवती जिना कठडा न धरता चढतात. रविवारी चहाच्या वेळी आम्ही दोघे एकमेकांचे खाडे वाचतो. मागील रविवारी आमचे दोन होते, त्यांचा एक. त्यांच्या फुलीपुढे लिहिले होते, ‘माहेरी गेले होते’, आणि आमच्या दोन्ही फुल्यांपुढे, ‘घरी एकटा’. चालू आठवड्याचा शनिवार अजून यावयाचा आहे.