एसी गुणगुणतो, पण चालू होत नाही

राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या पेटीतील जोड गंजतात. मग आतला पंखा फिरतो, पण बाहेर कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून थांबतो. असे का व्हावे?

इन्व्हर्टर नसलेल्या घरगुती एसीत एककला मोटर असते. तिच्या मुख्य गुंडाळीचे चुंबकीय क्षेत्र नुसते कमीजास्त होते, फिरत नाही. दुसऱ्या गुंडाळीतील प्रवाहाची कला धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बदलते. तेव्हा कुठे क्षेत्र फिरते. (काठीने ढकलल्यावरच फिरणाऱ्या छतपंख्याचे दुखणेही बहुधा हेच!)

शिवाय सुरुवातीचे आघूर्ण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, तर ते ६४ टक्केच उरते. सुरू होताना प्रवाह कित्येक पट असतो. गंजलेल्या जोडातील घटही नेमकी तेव्हाच सर्वाधिक.

आपण व्होल्टेज जरूर पाहू, पेटी मात्र कारागिरावर सोपवू. मेन स्विच बंद केल्यावरही धारित्रात विद्युतभार उरलेला असू शकतो.