दीड कोटी चौरस किलोमीटरचा पापुद्रा

आपल्याकडे मार्चमध्ये उन्हाचा चटका बसू लागतो, तेव्हा उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ वर्षातला सर्वांत मोठा पसारा गाठतो. हा पसारा असतो सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे साडेचार भारत. सप्टेंबरपर्यंत त्यातला दोन तृतीयांश वितळून गेलेला असतो. दक्षिणेकडे चक्र उलटं आणि झेप आणखी मोठी. अंटार्क्टिकाभोवती फेब्रुवारीत वीस-तीस लाख चौरस किलोमीटर बर्फ उरतो आणि सप्टेंबरमध्ये तो 1 कोटी 80 लाखांच्या आसपास जातो. जवळजवळ पन्नास महाराष्ट्र मावतील एवढा समुद्र दरवर्षी गोठतो आणि पुन्हा मोकळा होतो.

पण मती गुंग होते ती जाडी कळल्यावर. उत्तरेकडचा बर्फ सरासरी दोनेक मीटर जाड, दक्षिणेकडचा त्याहून पातळ. वहीतला साधा कागद सव्वादोनशे मीटर रुंद पसरला, तर त्याची जाडी आणि रुंदी यांचं जे प्रमाण होईल, तेच या बर्फाचं. एवढ्या पापुद्र्यावर अस्वलं चालतात, विमानं उतरतात आणि निम्म्याहून जास्त ऊन परत आकाशात फेकलं जातं. उघडं समुद्राचं पाणी मात्र उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग परतवतं.

कडाक्याच्या थंडीतही हा बर्फ फारसा जाड होत नाही, कारण तो स्वतःच स्वतःच्या वाढीच्या आड येतो. खालचं पाणी गोठायचं तर त्यातली उष्णता वरच्या हवेत जायला हवी, आणि ती बर्फातूनच जाणार. बर्फ जितका जाड, तितकी ही वाट बिकट. योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने 1891 मध्ये याचं गणित मांडलं. जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट जाडीसाठी चौपट वेळ लागतो. ध्रुवावरची रात्र सहा महिन्यांची असली, तरी या हिशेबाला अपुरीच पडते.

पसारा मोजणं त्या मानाने सोपं. 1978 पासून उपग्रह बर्फातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपतात. त्यांना ना उजेड लागतो, ना ढग आडवे येतात. सुमारे 25 किलोमीटर बाजूच्या चौकटीत किमान 15 टक्के बर्फ दिसला, की ती चौकट बर्फाची धरतात. जाडीचं काम मात्र थक्क करणारं आहे. तरंगत्या बर्फाचा साधारण दहावा भागच पाण्यावर असतो, म्हणजे दोन मीटरपैकी वीसेक सेंटीमीटर. 2018 मध्ये सोडलेला आइससॅट-2 हा उपग्रह सुमारे 500 किलोमीटर उंचीवरून हे वीस सेंटीमीटर मोजतो. तो सेकंदाला 10 हजार वेळा हिरवा लेसर झगमगवतो. प्रत्येक झोतात सुमारे 20 लाख कोटी प्रकाशकण खाली सुटतात आणि त्यातले दहा-बारा परत हाती लागतात. बर्फाला पडलेल्या भेगेत पाणी कुठल्या पातळीवर आहे आणि शेजारी बर्फाचा माथा कुठे, एवढाच फरक त्या दहा-बारा कणांच्या येण्याजाण्याच्या वेळेवरून काढायचा. इथे एक सेंटीमीटर चुकला, की जाडीत दहा सेंटीमीटर चुकले! माणसाने केलेल्या मोजमापांत मला हे सर्वांत देखणं वाटतं.

जाडी कळली की उष्णतेचा हिशेब मांडता येतो. एक चौरस मीटरचा, एक मीटर जाडीचा तुकडा म्हणजे 900 किलोहून जास्त वजन. तो वितळवायला 85 युनिट विजेइतकी उष्णता लागते. उत्तर ध्रुवाभोवती अलीकडे दर उन्हाळ्यात सुमारे 17 हजार घन किलोमीटर बर्फ वितळतो. सगळी मानवजात कोळसा, तेल, वायू, वीज मिळून वर्षभरात जेवढी ऊर्जा खर्च करते, त्याच्या साधारण आठपट उष्णता त्यात जाते. गारठा आला की तेवढीच उष्णता गोठणारा समुद्र हवेला परत देतो.

हा हिशेब आता बिघडला आहे. 1980 च्या दशकात सप्टेंबरमध्येही 70 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ टिकत असे. 2012 च्या सप्टेंबरमध्ये 34 लाख उरला, म्हणजे भारताहून किंचित मोठा. नुसता पसारा घटलेला नाही, जाडीही गेली. दोन्ही मिळून सप्टेंबरमधल्या बर्फाचं घनफळ 1979 पासून सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज आहे.

उपग्रहांची नोंद पन्नासेक वर्षांचीच. त्याआधीचे हिवाळे किती गोठवणारे होते याचा अंदाज घ्यायला समुद्र सोडून जपानमधल्या सुवा तलावाकडे जाता येतं. तलाव लहान, अवघा 13 चौरस किलोमीटरचा. गोठल्यावर रात्रीच्या थंडीने बर्फ आकसतो, तडकतो, भेगेत पाणी शिरून गोठतं. दिवसा तोच बर्फ फुगतो आणि भेगेवर एक उंचवटा काठापासून काठापर्यंत उठतो. देव पलीकडच्या देवीला भेटायला गेला, त्याची ही पायवाट, अशी श्रद्धा आहे. म्हणून शिंतो पुजारी 1443 पासून तिची नोंद ठेवत आले आहेत. पहिल्या 250 वर्षांत तलाव गोठला नाही, अशी वर्षं फक्त 3. नंतर 1955 ते 2004 या पन्नास वर्षांत अशी 12 वर्षं आली आणि पुढच्या दहाच वर्षांत 5.