रुंद खुर्चीची किंमत

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा वरिष्ठ अधिकारी कंपनीच्या कामासाठी दिल्लीस निघतो, तेव्हा एकाच दिवसात त्याच्या वाट्यास दोन 'वरचे वर्ग' येतात. मुंबईपर्यंत लोकलचा पहिला वर्ग आणि पुढे विमानाचा बिझनेस क्लास. या दोहोंची तुलना सहसा कोणी करीत नाही. तुलना होते ती एका विमान कंपनीच्या खुर्चीची दुसरीच्या खुर्चीशी.

देशांतर्गत मार्गांवर आज ही निवड मुख्यतः दोन कंपन्यांपुरती उरली आहे. जेट एअरवेज २०१९ साली बंद पडली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. २००६ पासून एकाच वर्गावर धंदा करणाऱ्या इंडिगोने त्याच महिन्यात दिल्ली-मुंबई मार्गावर आपला बिझनेस क्लास सुरू केला. एकीकडे बशीतून गरम जेवण, दुसरीकडे खोक्यातून शाकाहारी फराळ. सामानाची सवलत अधिक, विमानात प्रवेश आधी. परंतु जेवण हा या व्यवहारातला सर्वांत किरकोळ भाग होय. खरा माल आहे तो जागेचा. मागे एका रांगेत सहा माणसे बसतात, पुढे चार. दोन रांगांतील अंतर मागे सुमारे २९ इंच, पुढे सुमारे ३८. म्हणजे माणशी जागा जवळजवळ दुप्पट. भाडे मात्र बहुधा दुपटीवर थांबत नाही. दोन तासांच्या प्रवासात धड झोपही होत नाही, मग वरचे पैसे कशाचे?

फ्रेंच अभियंता झ्यूल द्युप्वी याने १८४९ साली आगगाडीसंबंधी याचे मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नसे म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. मागच्या खुर्चीत गुडघे आखडून बसलेल्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यात पुन्हा बसणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असा प्रकार असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के, तर वरच्या वर्गावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तथापि तिकीट कंपनीच्या कामाचे असले की हा कर बहुधा तिच्या हिशेबात वळता होतो. स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्यास मात्र तो पुरता भरावा लागतो.

इतके असूनही विमानाच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुढची रुंद खुर्ची मागच्या प्रवाशाला उभे करीत नाही. तिकीट मिळालेल्या प्रत्येकास आसन असते. लोकलमध्ये ही हमी नाही. गर्दीच्या वेळी रुळांवर आणखी गाडी घालण्यास वाव नसतो, आणि म्हणून नवी वातानुकूलित फेरी बहुधा जुन्या साध्या फेरीच्या जागीच येते. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने अशा दहा फेऱ्या सुरू केल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रस्त्यावर नव्हे, स्थानकातच उतरले. आठवड्याच्या आत त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. हा राग गारव्यावर नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात वातानुकूलित लोकलचे एकेरी भाडे निम्म्यावर आणले गेले होते आणि पुष्कळांनी ते आनंदाने दिलेही होते. राग होता तो साध्या पासावर नेहमीची गाडी पकडणाऱ्याच्या पायाखालची फळी काढून घेतल्याचा. लोकलचा पहिला वर्ग तर याहून विलक्षण! कित्येक पट महाग पास काढूनही ऐन सकाळी तेथे उभेच राहावे लागते.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली येथे नवे स्थानक उभारण्याचे काम हाती घेण्यात आले, त्याबरोबरच कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचेही. नव्या मार्गिकांवर जादा गाड्या धावल्या, तर वातानुकूलित फेरीसाठी साधी फेरी काढण्याचे कारण पुष्कळसे उरणार नाही. केवळ थांबा वाढला आणि गाड्या तितक्याच राहिल्या, तर बदलापूरहून भरून आलेल्या डब्यात चिखलोलीकराला पाऊल ठेवायला जागा कोणत्या वर्गात मिळणार, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी आधी सांगावे.